ओट्यामागची काच आणि ड्रिल मशीन

प्रश्न : आमचे घर दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात आहे. दोन वर्षांपूर्वी जुने कवेलूंचे घर पाडून आम्ही स्लॅबचे घर बांधले, तेव्हा पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाने हौसेने ओट्यामागे टाइल्सऐवजी हिरव्या रंगाची काच बसवून घेतली. फोडणीचे डाग एका फडक्यात निघतात, त्यामुळे काचेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कलथे, झारे आणि तिखट-मिठाचे डबे हाताशी राहावेत म्हणून त्या भिंतीवर स्टीलची मांडणी लावायची आहे आणि त्यासाठी काचेतून चार भोके पाडावी लागतील. गावातील सुतार म्हणतो, काचेचे बिट आणले की पाच मिनिटांचे काम आहे. तालुक्याचा काचवाला म्हणतो, हातसुद्धा लावू नका. कोणाचे ऐकावे?
— एक गृहिणी, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : ताई, दोघेही खोटे बोलत नसावेत. सुतार साध्या काचेबद्दल बोलत आहे आणि काचवाला टफन काचेबद्दल. आपल्या भिंतीवर यांपैकी कोणती काच आहे हे ठरल्याशिवाय मशीनची वायर बोर्डात घालू नये, एवढे पहिले सांगणे. काच साधी असेल तर धीराने आणि पाण्याच्या साहाय्याने तिला भोक पडते. काच टफन असेल तर तिला भोक पडत नाही. कितीही महाग बिट आणा, कितीही सावकाश फिरवा, ती फुटते.

असे का होते हे समजून घेतले तर मोह आपोआप आवरतो. टफन काच ही मुळात साधीच काच असते. तिला भट्टीत सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी जोरदार गार हवेचे झोत सोडतात, त्यामुळे बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला थर मागाहून थंड होताना आकसू पाहतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवून वरून पाणी ओतत असे, ते आपल्या पिढीने पाहिले आहे : धाव आकसते आणि सगळे चाक करकचून आवळले जाते. टफन काचेत हे काम आतला थर करतो. तो बाहेरच्या दोन्ही कातड्यांना सतत आत ओढून धरतो, आणि म्हणूनच ती काच साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते. सहा एमएम जाडीच्या काचेत ही दाबाखालची कातडी प्रत्येक बाजूस जेमतेम सव्वा एमएमची असते. बिटाने ती ओलांडली, की आत कोंडलेला सगळा ताण एकाच वेळी मोकळा होतो आणि भोकापुरती नव्हे तर संपूर्ण काच तुकडे-तुकडे होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी हिंगणघाटला नात्यातील एका घरी मी हा पराक्रम केलेला आहे. काचेच्या चारही कोपऱ्यांत टफन असल्याचा शिक्का दिसला नाही म्हणून ती साधी आहे असे मी ठरवून टाकले. शिक्का खालच्या लाकडी पट्टीमागे दडला होता, हे नंतर कळले. बिट तिळाएवढेही आत गेले नसेल. मशीनचा आवाज बदलला नाही, हातालाही काही जाणवले नाही, आणि एकाएकी सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज होऊन अर्धी काच खडीसाखरेसारखी ओट्यावर ओघळली. उरलेली अर्धी सिलिकॉनला धरून भिंतीवर तशीच तडतडत राहिली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावले. डाळ-तांदळाचे उघडे डबे मात्र सगळे फेकून द्यावे लागले, आणि त्या घरी मला पुढे अनेक वर्षे चहाबरोबर त्या काचेची आठवणही मिळत असे.

आता ओळखायचे कसे? सर्वांत भरवशाची खूण कारागिराच्या हाताशी असते. काच बसवताना त्याने ती आपल्या अंगणात हिरकणीने कापून मापाची केली होती का, हे मुलाला विचारा. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की पुन्हा कापता येत नाही. तेव्हा घरी हिरकणी चालली असेल तर ती काच साधीच. उलट, माप आधी घेऊन गेले, आठ-दहा दिवसांनी काच तयार होऊन आली आणि स्विचबोर्डाचा चौकोनही तिच्यात आधीच कापलेला होता, तर ती टफन असण्याचा संभव फार मोठा. दुकानाचे बिल सापडले तर त्यावर ‘टफन’ असे लिहिलेले असते आणि दरातही फरक असतो. कोपऱ्यात नखाएवढा पुसट शिक्का असल्यास तो भिंगाने पाहा. आपल्याकडे अशा सुरक्षा-काचेचे मानक आयएस २५५३ हे आहे आणि तो आकडा किंवा ‘टफन’ या अर्थाचा शब्द तेथे दिसतो. मात्र शिक्का नाही म्हणजे टफन नाही, असा उलटा अर्थ काढू नये. तो मी काढला होता.

आणखी एक युक्ती सांगितली जाते. पोलराइज्ड जातीचा गॉगल घालून तिरप्या उजेडात काचेकडे पाहिल्यास टफन काचेत काळसर ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. हे खरे आहे, कारण गार हवेच्या झोतांचे ठसे काचेत ताणाच्या रूपाने उरलेले असतात. परंतु आपल्या काचेला मागून रंग आहे, त्यामुळे नक्षी दिसली नाही तरी काही सिद्ध होत नाही. दिसली तर विषय संपला. एवढे सगळे करूनही शंका उरली, तर काच टफन आहे असेच धरून चालावे.

काच साधी आहे याची पक्की खात्री पटली, असे समजून पुढचे लिहितो. पण त्याआधी भोकांच्या जागा पाहा. साधी काच उष्णतेच्या बाबतीत फार नाजूक असते. तिच्या एका भागात आणि दुसऱ्या भागात सुमारे चाळीस अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते, तर टफन काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यात शेगडीवर कढई तापलेली, आणि तेवढ्यात माठातल्या गार पाण्याचा शिपका काचेवर बसला, की अखंड काचेलाही जिवावरचे होते. भोक पाडलेल्या काचेत तर तडा सुरू होण्यासाठी जागा तयारच असते. म्हणून शेगडीच्या सरळ वर आणि तिच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरात भोक पाडू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. खरे तर शेगडीमागे साधी काच बसवणेच चूक होते. पण ते आता झाले आहे. काचेच्या कडेपासून आणि स्विचबोर्डाच्या कापापासून प्रत्येक भोक किमान दोन इंच आत असावे, आणि कोपऱ्यापासून त्याहून अधिक.

काचेमागे भिंतीत काय आहे, हा दुसरा प्रश्न. स्विचबोर्डातून निघालेली वायर बहुधा सरळ वर किंवा सरळ आडवी गेलेली असते आणि नळाची लाइनही त्याच भिंतीत असते. बांधकामाच्या वेळचे फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये असतील तर ते अवश्य पाहावेत. कामापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. म्हणजेच मशीन बॅटरीवर चालणारे हवे. या कामात पाणी सतत लागते, आणि २३० व्होल्टच्या मशीनवर पाणी उडणे हा थट्टेचा विषय नाही. बॅटरीच्या मशीनचा आपल्या भागात आणखी एक फायदा असा, की भोक अर्धे असताना लाइट गेली म्हणून बिट काचेत अडकून बसत नाही.

बिट काचेचेच घ्यावे. दुकानात दोन प्रकार मिळतात : भाल्याच्या टोकासारखे कार्बाइडचे आणि हिऱ्याची बारीक भुकटी लावलेले नळीसारखे. मी दुसरे पसंत करतो, कारण ते काचेला टोचत नाही, गोल घासत जाते. मांडणीचा स्क्रू पाच एमएमचा असेल तर बिट आठ एमएमचे घ्यावे. ही तीन एमएमची मोकळीक कशासाठी, ते पुढे येईल. मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद आहे ना, हे दोनदा पाहावे. गिअर सावकाश ठेवावा. मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे पुरेत.

खुणेच्या जागी मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर पेन्सिलीने फुली मारावी. आडव्या काचेवर भोक पाडताना शेताला धुरा घालतो तशी कणकेची गोल पाळ करून तिच्यात पाणी साठवता येते. उभ्या भिंतीवर ते जमत नाही. तेथे फुलीच्या अर्धा इंच खाली घट्ट भिजवलेल्या कणकेची, चिमणीच्या घरट्यासारखी अर्धी वाटी थापावी आणि घरातील दुसऱ्या माणसाने झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून बिटाच्या तोंडावर पाण्याची बारीक धार धरून ठेवावी. बिट सुरुवातीला सरळ लावले तर ते गुळगुळीत काचेवर घसरते आणि ओरखडा कायमचा राहतो. म्हणून ते तिरपे धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडावी आणि मग मशीन हळूहळू सरळ करीत कोरीचे वर्तुळ पुरे करावे. यानंतर जोर लावण्याची इच्छा होते. लावू नये, मशीनचे वजन आणि हाताचा आधार एवढेच पुरेसे आहे. वाटीत साचणारे पाणी ताकासारखे पांढरे होत गेले की बिट कापते आहे असे समजावे. पांढरी कोरडी भुकटी उडू लागली, तर पाणी कमी पडते आहे, लगेच थांबावे. पाच एमएमच्या काचेला एका भोकास तीन ते पाच मिनिटे लागतात, म्हणजे सुताराचे पाच मिनिटांचे गणित एका भोकाचे आहे, चारांचे नव्हे. शेवटचा एक एमएम उरला की दाब आणखी हलका करावा, कारण काचेची कड बाहेर पडताना उडते.

काच पार झाली की बिट बदलावे. भिंतीसाठी काचेच्या भोकापेक्षा बारीक, साधे सिमेंटचे बिट लावावे आणि तेही हॅमरशिवाय. विटेच्या भिंतीत ते सहज जाते. येथे निष्णात माणसेही एक चूक करतात. स्क्रू पकडून ठेवण्यासाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची गट्टी काचेच्या भोकात अर्धी राहते, स्क्रू पिळला की गट्टी फुगते आणि काच तिथल्या तिथे तडकते. गट्टी ठोकून काचेच्या मागे, पूर्णपणे भिंतीत गेली पाहिजे. स्क्रूचे लोखंड काचेला कोठेही टेकता कामा नये, कारण तापल्यावर लोखंड काचेपेक्षा अधिक फुगते. त्यासाठीच भोक तीन एमएम मोठे ठेवले होते. त्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या बारीक नळीचा काचेच्या जाडीएवढा तुकडा बसवावा आणि मांडणी व काच यांच्यामध्ये रबराची चकती घालावी. स्क्रू शेवटी हाताने आवळावा, मशीनने नाही. आपली काच मागून जागोजाग सिलिकॉनचे ठिपके देऊन बसवलेली असेल, तर ठिपक्यांच्या मधली जागा पोकळ असते आणि स्क्रू जास्त आवळला की काच आत वाकते. बोटाने टकटक करून पाहिल्यास पोकळ जागा कळते. भोक भरीव जागी घ्यावे.

काम करताना शेगडी, पीठ, डाळी, पिण्याचे पाणी सारे झाकून ठेवावे किंवा बाहेर न्यावे. डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडाला फडके आणि पायात बूट हवेत. शेवटी ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. ते धुऊन पुन्हा भांड्यांना वापरू नये.

एवढे सारे लिहून झाल्यावर माझे खरे मत सांगतो : आपल्या घरी मी असतो तर भोके पाडली नसती. काच बहुधा ओट्यापासून दोन फूट उंच असेल. तिच्या वरच्या कडेच्या वर, प्लास्टरमध्ये, स्टीलचा एक दांडा दोन स्क्रूंवर बसवावा आणि कलथे-झारे एस आकाराच्या आकड्यांनी त्याला टांगावेत. मांडणीसुद्धा त्याच दांड्यावरून काचेसमोर खाली सोडता येते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा हवेच्या दाबाने चिकटणारे रबरी पेले यांच्यावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण तेलाची वाफ आणि वैशाखातली उष्णता यांपुढे ते टिकत नाहीत आणि डबा नेमका फोडणीच्या वेळी खाली येतो.

प्रश्न : आमच्या ओट्यामागील काचेला वायरमनने नवीन प्लगसाठी भोक पाडले आणि तेथून साडेतीन-चार इंचांचा केसासारखा तडा वर गेला आहे. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले की तो पुढे सरकत नाही, असे ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने सांगितले. करून पाहावे का?
— एक वाचक, तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : मिस्त्रीची युक्ती पत्र्यासाठी योग्य आहे. टोकाशी एकवटलेला ताण गोल भोकाच्या कडेवर वाटला जातो, हे तत्त्व काचेलाही लागू पडते. परंतु काचेच्या तड्याचे खरे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेले असते, आणि ते नेमके साधणे साध्या हाताचे काम नाही. त्यातून ही काच शेगडीजवळ आहे. ती बदलावी.

काच केसाएवढ्या तड्यावर थांबली, म्हणजे ती साधी होती, हे एक बरे झाले : कारण काढताना ती तुकड्यांत काढता येईल. आधी संपूर्ण काचेवर पार्सलची रुंद टेप आडवी-उभी चिकटवावी, वरच्या कडेचे सिलिकॉन पातळ पात्याने कापावे आणि मग दोघांनी दोन बाजूंनी बारीक पोलादी तार धरून करवतीसारखी मागे-पुढे ओढत ती खाली आणावी. चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय हे करू नये.

नवी काच टफनच मागवावी आणि प्लगचे, मांडणीचे, फिल्टरच्या नळीचे जे काही भोक पुढील दहा वर्षांत लागेल असे वाटते ते आत्ताच सांगून टाकावे, कारण सगळी भोके भट्टीपूर्वी पडतात. माप टेपने घेऊन तोंडी सांगू नये. खेड्यातील भिंत क्वचितच काटकोनात असते. रुंदी ओट्यालगत, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी, आणि त्याहून उत्तम म्हणजे जाड पुठ्ठा भिंतीवर बसेल असा कापून, प्लगचा चौकोन त्यात कोरून तो पुठ्ठाच काचवाल्याला द्यावा. पुठ्ठ्यावर ‘ही बाजू समोर’ असे ठळक लिहावे. माझ्या माहितीतील एक काच उलट्या बाजूने भोके पडून आली होती आणि ती आज एका गोठ्याच्या खिडकीत आहे. प्रत्येक बाजूस दोन एमएम जागा सोडण्यास सांगावे आणि प्लगच्या चौकोनाचे आतील कोपरे गोल असावेत असे लिहून द्यावे, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडा निघतो.

आणताना काच एस.टी.त किंवा ट्रॉलीत आडवी टाकून आणू नये. छोट्या टेम्पोत दोन गाद्यांच्या मध्ये ती कडेवर उभी ठेवावी. टफन काच मध्यभागी हातोडीचा मारसुद्धा सोसेल, पण तिची कड दगडावर किंवा फरशीवर टेकली तरी ती जाऊ शकते. म्हणून उतरवून घेताना खाली पोते अंथरावे. चिकटवण्यासाठी सिलिकॉन ‘न्यूट्रल’ जातीचे मागावे. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन काचेमागचा रंग खाते आणि काही महिन्यांनी समोरून डाग दिसू लागतात.

प्रश्न : आमचे आजोबा काचेला भोक पाडताना रॉकेल वापरीत. पाण्याऐवजी ते चालेल का?
— एक वाचक, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

उत्तर : आजोबांच्या वेळी कार्बाइडचे टोक किंवा तांब्याची नळी आणि कुरुंदाची भुकटी यांनी भोक पाडीत, आणि तेथे रॉकेल किंवा टर्पेंटाइन हे वंगण म्हणून योग्यच होते. हिऱ्याच्या बिटाला वंगणापेक्षा गारवा अधिक लागतो आणि तो पाणी अधिक चांगला देते. शिवाय हे काम गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर चालणार आहे. पाणीच वापरावे, मात्र सिलिंडरचा रेग्युलेटर तेवढा वेळ बंद ठेवावा.